बेलरबेयी, कुचुक्सू की हिदिव? अर्ध्या दिवसात एकच बघायचा असेल तर

इस्तंबूलला जाणाऱ्यांचं हे ठरलेलं असतं, युरोपकडच्या काठावरचा दोल्माबाहचे महाल तर बघणारच, पण बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाकडच्या काठावर ऑटोमन लोकांचे उन्हाळी महाल आहेत त्यातला कुठला धरू? पहिल्यांदाच जात असाल तर बेलरबेयी, डोळे झाकून.

इथला आधीचा लाकडी महाल जळाला, मग सुलतान अब्दुलअझीझने १८६१ ते १८६५ मध्ये हा दगडी बांधून घेतला, आर्किटेक्ट सार्किस बाल्यान. बाहेरून एकदम युरोपियन थाट, पण आत प्लॅन जुनाच, दरबारी भाग वेगळा आणि हरम वेगळा. सुलतानाला आरमाराचं भारी वेड, म्हणून छतावर जहाजांची चित्रं. सगळे झुंबरांकडे बघत चालतात, मी म्हणतो खाली बघा, गालिच्याच्या कडेला चटई दिसेल, खास इजिप्तहून मागवलेली, समुद्राची ओल वर चढू नये म्हणून! आणि हॉलच्या मधोमध चक्क पाण्याचा हौद, गारव्यासाठी, आपल्याकडे वाळ्याचे पडदे भिजवायचे त्यातलाच प्रकार. उन्हाळ्यापुरतंच घर, त्यामुळे हीटिंगची सोय नव्हती, आणि पदच्युत सुलतान अब्दुलहमीद दुसरा नेमका इथेच नजरकैदेत राहिला, गेला तोही १९१८ च्या फेब्रुवारीत. थंडीत काय हाल झाले असतील! एकच खुपतं, १९७३ चा पूल जवळजवळ डोक्यावरच आहे, फोटोत येतोच.

कुचुक्सू तासाभरात उरकतो. १८५७ च्या सुमाराचा, निगोगायोस बाल्यानचा, आणि यात बेडरूमच नाही कारण तेव्हाचा सुलतान दिवसापुरता शिकारीला, हवा खायला यायचा आणि संध्याकाळी परत. मधे हॉल आणि चार कोपऱ्यात चार खोल्या, म्हणजे साधं तुर्की घरच, फक्त वरून एवढं नक्षीकाम की केकवरचं आयसिंग वाटावं. पुढे आधीचा दर्शनी भाग अब्दुलअझीझला फिका वाटला म्हणून त्याने तो आणखी सजवून घेतला, मला विचाराल तर जरा जास्तच.

हिदिव कासरी, म्हणजे खेदिवचा छोटा महाल, वेगळ्याच जातीचा. मालक सुलतान नव्हे तर इजिप्तचा खेदिव, म्हणजे ऑटोमन सुलतानाच्या नावाने तिथे राज्य करणारा, अब्बास हिल्मी दुसरा, साल १९०७, आर्किटेक्ट इटालियन डेल्फो सेमिनाती, स्टाईल आर्ट नूव्हो, म्हणजे वेलीफुलांसारख्या वळणदार रेषांची, वर मनोरा. १९३७ मध्ये शहराच्या नगरपालिकेकडे आला आणि पुढे बरीच वर्षं नुसता पडून होता, १९८४ मध्ये चेलिक गुलेरसोय यांच्या टूरिंग क्लबने दुरुस्त करून हॉटेल म्हणून उघडला, आता तिथे रेस्टॉरंट आहे. खरी निवड इथेच आहे बघा. बेलरबेयीत वस्तू जागच्या जागी जपल्यात पण तुम्ही दोरीच्या अलीकडून बघणार, हिदिवमध्ये मूळ संसार उरला नाही पण संगमरवरी कारंज्याशेजारी, रंगीत काचेच्या छताखाली निवांत बसता येतं. पडीक वास्तू वापरात कशी आणतात यात रस असेल, किंवा सोबत आईबाबा असतील आणि म्युझियम बघून कंटाळले असतील, तर हाच घ्या. फक्त टेकडीवर आहे, किनाऱ्यावरून चढ लागतो, टॅक्सी करा.

आणि सोमवार असेल तर प्रश्नच मिटला, पहिले दोन बंद असतात.