क्रॉसओव्हर फॅनफिक शोधायला एओ३ कसं आहे, आणि घोडं नेमकं कुठे अडतं

आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहते ज्या गोष्टी लिहितात ते फॅनफिक, आणि दोन वेगळ्या कथाविश्वांतली माणसं एका गोष्टीत आणली की झाला क्रॉसओव्हर. असल्या गोष्टींचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ आहे तो आपल्याला हवी ती जोडी, हव्या त्या सुरात सापडण्याचा. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे सगळे ज्याला एओ३ म्हणतात ती साइट, या शोधाशोधीत बाकीच्यांच्या बरीच पुढे आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला, ते पुढे येतंच.

ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिने ही साइट सगळ्यांसाठी उघडली. जाहिरात नाही, वर्गणी नाही. खर्च देणग्यांतून, काम स्वयंसेवकांचं. २०१९ मध्ये साइटला विज्ञानकथा-फँटसीच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. अधिकृत ॲप मात्र नाही. ॲप स्टोअरवर या नावाने जे काही दिसतं ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, त्यात आपला पासवर्ड टाकू नये.

एखादं शोधयंत्र चांगलं की वाईट हे ठरवायचं तर वाचक नेमकं काय शोधतोय ते आधी कळायला हवं. क्रॉसओव्हरबद्दल बाहेरच्यांचा समज असा, की दोन हिरोंची मारामारी लावून द्यायची आणि कोण जिंकतो ते बघायचं. तसंही लिहिलं जातं, पण टिकतं ते वेगळंच. गेल्या काही वर्षांत जोरात चाललेली जोडी घ्या: डॅनी फँटम आणि बॅटमॅन. डॅनी हा २००४ ते २००७ च्या निकेलोडियन कार्टूनमधला अर्धा भूत झालेला मुलगा. त्याचे आईबाप भुतांची शिकार करतात आणि त्यांना पोराचं गुपित ठाऊक नाही. तिकडे ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, एकामागून एक पोरकी मुलं घरात घेणारा. एका गोष्टीत भोक आहे आणि दुसरीत त्यात चपखल बसणारा खुंटा. मूळ मालिकेने जे मिटवलं नाही ते दुसऱ्या विश्वातल्या माणसाकडून मिटवून घेणं, हे क्रॉसओव्हर लिहिण्याचं पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे परक्याची नजर. हॅरी पॉटरच्या जगात एक मूल दहा वर्षं जिन्याखालच्या कपाटात वाढतं आणि त्या जगातली मोठी माणसं ते चालवून घेतात. दुसऱ्या विश्वातला कुणी आला की पहिला प्रश्न तोच विचारतो. वाचकाच्या मनात कधीपासून असलेला प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारला, यात मजा आहे.

तिसरी गोष्ट लागते ती बिजागरी, म्हणजे दोन जगं जोडणारी युक्ती. 'बफी' या व्हँपायर मारणाऱ्या मुलीच्या टीव्ही मालिकेच्या १९९७ च्या हॅलोविन भागात माणसं ज्या वेषात असतात तीच बनतात. लेखकाने फक्त वेष बदलायचा, क्रॉसओव्हर तयार! या एका भागावरून ढिगाने गोष्टी निघाल्या, आणि 'ट्विस्टिंग द हेलमाउथ' नावाचा अख्खा संग्रह फक्त 'बफी'च्या क्रॉसओव्हरसाठी होता.

तर वाचकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: कुठली दोन जगं, कुठली बिजागरी, आणि गोष्ट कुणाच्या घरात घडते. एओ३चे टॅग, म्हणजे लेखकाने गोष्टीला लावलेली लेबलं, पहिलीचं उत्तर चोख देतात, दुसरीचं बऱ्यापैकी, आणि तिसरीसाठी सारांश वाचावा लागतो.

शोधायची पद्धत अशी (साइटवरची बटणं इंग्रजीत आहेत, इथे त्यांचा मराठी अर्थ दिलाय). दोनपैकी ज्या फॅन्डममध्ये, म्हणजे ज्या कथाविश्वावर, कमी गोष्टी आहेत त्याचं पान उघडा. फिल्टरमध्ये 'समाविष्ट करा'च्या यादीत सगळ्यात जास्त वापरलेली फक्त दहा नावं दिसतात, त्यामुळे दुसरं फॅन्डम तिथे नसलं तर 'इतर टॅग'च्या चौकटीत स्वतः टाइप करा. जोडी ठरलेली नसेल, नुसतं चाळायचं असेल, तर 'आणखी पर्याय' उघडा. तिथे क्रॉसओव्हरसाठी तीन पर्याय असतात: धरा, वगळा, फक्त तेच दाखवा. त्याखालीच पूर्ण-अपूर्ण, शब्दसंख्या, तारीख आणि भाषा. शब्दसंख्या किमान ५,००० ठेवली तर पुष्कळ कचरा गळतो. कुडोजप्रमाणे, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीप्रमाणे, क्रम लावला की जुन्या, वर्षानुवर्षं कुडोज साठवलेल्या गोष्टीच वर येतात. नवं हवं असेल तर तारखेची मर्यादा घाला.

आता तो कापलेला अर्धा गुण. 'फक्त क्रॉसओव्हर' निवडलं की पहिल्याच पानावर अशा नोंदी दिसतील ज्यांना वीस-वीस फॅन्डमचे टॅग आहेत. हे क्रॉसओव्हर नव्हेतच. लेखकाने वेगवेगळ्या मालिकांवरच्या सुट्या छोट्या गोष्टी एकाच नोंदीत कोंबलेल्या असतात. यंत्राला फक्त टॅग दिसतात, गोष्ट दिसत नाही. उपाय वगळण्याचा: अशा नोंदींवर नेहमी दिसणारी दोन-तीन भलतीच फॅन्डम 'वगळा'मध्ये टाका, आणि 'निकालांत शोधा'च्या चौकटीत नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या. पाचेक मिनिटं जातात, पण पुढचा तास वाचतो.

दुसरा अडथळा जरा खोल आहे. इथे टॅग जुळवण्याचं काम माणसं करतात, त्यांना टॅग रँगलर म्हणतात. कुठलं फॅन्डम कुठल्या मोठ्या कुटुंबात बसतं ते तेच ठरवतात, आणि एकाच कुटुंबातली दोन फॅन्डम भेटली तर साइट त्याला क्रॉसओव्हर मानत नाही. मार्वलचे चित्रपट आणि मार्वलची कॉमिक्स, किंवा बॅटमॅन आणि सुपरमॅन, असं काही शोधत असाल तर 'फक्त क्रॉसओव्हर'ला हातही लावू नका. दोन्ही टॅग स्वतः टाका. व्यवस्था बरोबरच आहे म्हणा, नाहीतर शेरलॉकच्या मालिकेची प्रत्येक गोष्ट मूळ कथांचाही टॅग लागला म्हणून क्रॉसओव्हर ठरली असती.

तिसरा घोळ फ्यूजनचा. एका मालिकेतली माणसं दुसऱ्या मालिकेच्या जगात जणू तिथेच जन्मली अशी लिहिली, आणि त्या जगातलं मूळ पात्र एकही आलं नाही, तर ते फ्यूजन. अशा गोष्टींना बरेच लेखक दुसऱ्या फॅन्डमचा टॅग देतच नाहीत, म्हणून त्या फिल्टरमधून निसटतात. त्यांच्यासाठी 'अल्टरनेट युनिव्हर्स - फ्यूजन' हा टॅग वेगळा शोधा.

उघडण्याआधी अर्धा मिनिट नोंद नीट बघा. प्रकरणांपुढे १२/? असेल तर लेखकालाही शेवट माहीत नाही. दोन नावांमध्ये तिरकी रेघ म्हणजे प्रेमप्रकरण, '&' म्हणजे मैत्री किंवा नातं. पात्रांच्या यादीत पंचवीस नावं दिसली तर समजा, की पहिली सात-आठ प्रकरणं ओळखपरेड आहे: इकडच्यांनी तिकडच्यांना वाचकाला पाठ असलेली हकिकत ऐकवायची. क्रॉसओव्हर मरतात ते बहुतेक याच दुखण्याने. सारांशात दोन्ही कथानकांतला काळ सांगितलेला असेल (कुठल्या वर्षानंतर, कुठल्या लढाईआधी), तर लेखकाने गृहपाठ केलाय असं धरायला हरकत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी थोडं. खातं निमंत्रणावर मिळतं. ईमेल देऊन रांगेत नाव लावायचं आणि थांबायचं. वाचायला खातं लागत नाही, पण कुलपाचं चिन्ह असलेल्या गोष्टी लॉगिन केल्याशिवाय दिसत नाहीत. फॅन्डम, पात्रं, नाती आणि जादा टॅग मिळून एका गोष्टीला ७५ ची मर्यादा आहे. क्रॉसओव्हर लिहिणारेच ती गाठतात, कारण दोन्हीकडचं गाव गोळा करायचा मोह होतो. गोष्टीत खरोखर काम असलेली पात्रंच टॅगमध्ये घाला. गूगल डॉक्समधून मजकूर चिकटवल्यावर तिरप्या अक्षरांच्या आजूबाजूला जास्तीच्या मोकळ्या जागा येतात, त्या प्रिव्ह्यूमध्ये तपासा. आणि मसुदा महिनाभरात आपोआप पुसला जातो, तेव्हा मूळ प्रत स्वतःकडे हवीच.

फॅनफिक्शन डॉट नेट १९९८ पासूनचं, क्रॉसओव्हरचा विभागही वेगळा. पण तिथे एका गोष्टीला दोनच फॅन्डम देता येतात. तिसरं जग आलं की त्याला जागाच नाही. जुन्या गोष्टींसाठी चक्कर मारायला ठीक. वॉटपॅडवर जोडी धरून असं शोधण्याची सोयच नाही.

आवडलेली गोष्ट ईपब किंवा पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. लेखक कधीही, न सांगता ती काढून टाकू शकतो.

भाषेच्या यादीत मराठी आहे, पण तो फिल्टर लावला की हाती फारसं लागत नाही. मराठीत लिहिणार असाल तर भाषा आठवणीने मराठी निवडा. ती इंग्रजी राहिली तर मराठी शोधणाऱ्याला तुमची गोष्ट कधीच दिसणार नाही. फॅन्डमचा टॅग मात्र टाइप करताना खाली सुचवला जाणाराच घ्या. देवनागरीत स्वतःचा बनवलात तर कुणा रँगलरने तो मूळ टॅगला जोडेपर्यंत वाट बघावी लागेल.