ॲरिझोनाचं ईएसए खातं: अर्ज सोपा, बिलं अवघड

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचं 'एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंट', म्हणजे ईएसए (सरकारी शाळेऐवजी खासगी शाळेत किंवा घरी शिकण्यासाठी राज्य पालकांना देतं ते पैशांचं खातं), २०११ साली अपंग मुलांसाठी सुरू झालं. २०२२ पासून ते राज्यातल्या सगळ्याच शाळकरी मुलांना खुलं आहे, उत्पन्नाची अट नाही. अर्जाचं काम चटकन उरकतं: जन्मदाखला, राज्यात राहत असल्याचा पुरावा आणि करारावर सही. अपंगत्व नसलेल्या मुलाला वर्षाला साधारण ७,००० ते ८,००० डॉलर मिळतात, पण तिमाही हप्त्यांनी. शाळेला फी आधी हवी असेल तर मधला काळ स्वतःच निभवायचा, आणि या रकमेपेक्षा जास्त फी असेल तर तीही स्वतःच भरायची.

खरी डोकेदुखी बिलांची. विक्रेत्याचं नाव, तारीख, मुलाचं नाव, नेमकी वस्तू आणि रक्कम, सगळं बिलावर हवं. 'शैक्षणिक साहित्य' एवढंच मोघम लिहिलेलं बिल अडकतं. शिकवणी असेल तर शिक्षकाच्या पात्रतेचा कागदही जोडावा. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी) क्रिस मेज यांनी पूरक साहित्याला अभ्यासक्रमाचा आधार मागितला आणि पेन्सिल-खोडरबरासाठीही कागद दाखवायचे का, हा वाद कोर्टात गेला. मग तुंबलेली बिलं निकाली काढायला शिक्षण खात्याने २,००० डॉलरखालचे दावे आधी मंजूर, तपासणी नंतर, अशी पद्धत आणली. पैसे लवकर आले म्हणून निर्धास्त राहू नये. खर्च नियमात बसला नाही तर वसुली होते. बिल आणि अभ्यासक्रमाची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवलेली बरी.

करारातली सर्वात महाग ओळ मात्र पैशांची नाही. सही केली की सरकारी शाळेची त्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी संपते. अपंग मुलाच्या बाबतीत केंद्रीय कायद्याने सरकारी शाळेत मिळणारं संरक्षणही सुटतं, आणि खासगी शाळेवर प्रवेश देण्याचं बंधन नसतं. ज्यांच्यासाठी योजना निघाली त्यांनाच हे सर्वाधिक टोचतं.

योजना मोडीत काढावी का, यावर आमचं मत: मूळ अपंगांची योजना ठेवावी, सरसकट खुली केलेली मागे घ्यावी. आधीच खासगी शाळेत असलेल्यांची फी भरणं ही सुधारणा नव्हे. २०१८ मध्ये 'प्रपोझिशन ३०५' या सार्वमतात मतदारांनी योजनेचा विस्तार नाकारला होता. विधिमंडळाने चार वर्षांत तो पुन्हा आणला, तेव्हा पुन्हा सार्वमत घ्यायला विरोधकांच्या सह्या कमी पडल्या. नेब्रास्कात नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी असाच कायदा रद्द केला, त्याच दिवशी केंटकीच्या मतदारांनी खासगी शाळांसाठी सरकारी पैसा देऊ देणारी घटनादुरुस्ती फेटाळली. म्हणजे अशी योजना टिकेलच असं नाही. तेव्हा करार वर्षाचा असताना शाळेशी दोन-तीन वर्षांची बांधिलकी लिहून देऊ नये, आणि वर्ष अर्धवट सुटलं तर फी किती परत मिळेल हे सहीआधी शाळेकडून लेखी घ्यावं.