फाईल जोडली, पण कुणाला? भरतीचं सॉफ्टवेअर वर्षभर वापरल्यावर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याचं, एचआर मी बघते. आमची भरती म्हणजे मोल्डर (साचे करणारा), फेटलर (ओतलेला भाग घासून साफ करणारा), वेल्डर, सीएनसी ऑपरेटर आणि अधूनमधून क्वालिटीला एखादा डिप्लोमावाला. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण डेमोत पाहिलेली बाकीचीही याच वळणाची होती: सगळी आयटी कंपन्यांचे उमेदवार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली. लिहिते आहे ते फक्त उमेदवाराच्या रेकॉर्डला कागदपत्रं जोडण्याबद्दल. खरेदी करताना तिकडं कुणी बघत नाही, आणि रोजचं निम्मं काम तिथंच अडतं.

फाईल चढते झटकन, त्याबद्दल तक्रार नाही. पीडीएफ, वर्ड, जेपीजी सगळं घेतं. ताप होतो तो आधारच्या डाउनलोड केलेल्या पीडीएफचा. तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. सॉफ्टवेअर ती निमूट घेतं, हिरवी खूण दाखवतं, आणि जॉइनिंगच्या दिवशी उघडायला गेलं की कोरं पान. चढवतानाच सांगायला काय हरकत होती?

कागद येतात व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यामुळे फाईलचं नाव म्हणजे तारखेचे आकडे आणि पुढं ‘डब्ल्यूए’. त्यावरून आत मार्कशीट आहे की पगाराची स्लिप, देवाला ठाऊक. इथं ‘कागदाचा प्रकार’ हा खाना खरंच कामाला आला. आधी त्यात रेझ्युमे, कव्हर लेटर, ऑफर लेटर आणि इतर एवढंच होतं. (फेटलिंगच्या माणसाचं कव्हर लेटर मी अजून पाहायची आहे.) पण यादी आपल्याला बदलता येते. आयटीआय मार्कशीट, एनसीव्हीटी (आयटीआयचं केंद्रीय) प्रमाणपत्र, रिलीव्हिंग लेटर, बँक पासबुक असे प्रकार घातले, आणि कुणाचं काय यायचं राहिलंय ते एका नजरेत दिसू लागलं.

आता मुख्य मुद्दा. फाईल दोन ठिकाणी जोडता येते: उमेदवाराला, किंवा त्यानं एखाद्या जागेसाठी केलेल्या अर्जाला. बटणं शेजारीशेजारी, दिसायला सारखी. आमच्याकडे तोच माणूस पुन्हा येतो. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यावर जातो, हंगाम संपला की परत अर्ज करतो. त्याची मार्कशीट जुन्या अर्जाला जोडलेली असेल तर नव्या अर्जात ती दिसतच नाही. मग फोन करायचा आणि ऐकून घ्यायचं, “मॅडम, मागच्या टायमाला दिली हुती की सगळी कागदं!” तो बरोबरच असतो. आमचा नियम आता असा: जन्मभर न बदलणारा कागद उमेदवाराला; रेझ्युमे, ट्रेड टेस्टचा कागद आणि मुलाखतीचा शेरा अर्जाला.

दुसरा घोळ डुप्लिकेट ओळखण्याचा. ईमेल किंवा मोबाइल जुळला की सॉफ्टवेअर दोन रेकॉर्ड एक करायला सुचवतं आणि सगळ्या फायली एकत्र करतं. आमच्या उमेदवारांपैकी कितीकांच्या रेझ्युमेवर ईमेल असतो तो टाइप करून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचा, आणि दोघा भावांत मोबाइल एक. तासगावकडच्या अशाच दोन भावांचे कागद एका रेकॉर्डमध्ये गेले. धाकट्याच्या नावावर थोरल्याचं वेल्डरचं प्रमाणपत्र. पुन्हा वेगळं करायचं बटण नाही. जन्मतारीख जुळल्याशिवाय आम्ही आता ते सुचवणं मानत नाही.

शोध फायलींच्या आतला मजकूरही वाचतो, असं विकताना सांगितलं होतं. वाचतो, पण टाइप केलेली इंग्रजी पीडीएफ असेल तर. मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे त्याला नुसतं चित्र. श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमधला मराठी बायोडेटा युनिकोड नसतो, त्यामुळे त्याच्या हाती इंग्रजी अक्षरांचा चिवडा लागतो. म्हणून ट्रेड, आयटीआयचं गाव आणि अनुभव मी वेगळ्या खान्यांत हातानं भरते. कंटाळवाणं आहे, पण ‘मिरज, व्हीएमसी’ (व्हीएमसी हे सीएनसी मशीनच) एवढ्यावर माणसं सापडतात ती त्यामुळेच.

वेल्डरच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअर उघडं पडतं. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडमधल्या सेक्शन ९ प्रमाणे, वेल्डर ज्या प्रक्रियेत पास झालाय तिचं वेल्डिंग त्यानं सहा महिन्यांत केलंच नाही, तर त्याची त्या प्रक्रियेची पात्रता संपते. म्हणजे प्रमाणपत्राइतकीच शेवटच्या कामाची तारीख महत्त्वाची. इथं फाईलला चढवल्याची तारीख आहे, मुदतीची नाही. ते अजून एक्सेलमध्येच चाललंय.

कुणाला काय दिसावं हे प्रकाराप्रमाणे ठरवता येतं, हे उत्तम. शॉपच्या सुपरवायझरला ट्रेड टेस्ट दिसते, जुनी सॅलरी स्लिप दिसत नाही. आधार आम्ही मास्क केलेलंच घेतो, शेवटचे चार आकडे दिसणारं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. काम संपल्यावर माहिती पुसायची हे त्यात आहे. पण नाकारलेल्या उमेदवाराच्या फायली ठरावीक काळानं आपोआप पुसण्याची सोय फक्त महागड्या प्लॅनमध्ये. आम्ही दर तिमाहीला हातानं पुसतो.

मालकांना हे सगळं पटलं ते २०१९च्या महापुरामुळं. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या ऑफिसमधल्या फायलींचा तेव्हा लगदा झाला होता. त्यामुळे वर्ष संपल्यावर नूतनीकरण केलं, साध्याच प्लॅनचं. घेणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी एक गोष्ट मात्र समोर करून दाखवायला लावा: सगळ्या फायली एकदम डाउनलोड. आमच्याकडे झिप मिळते, पण आतल्या फायलींना सिस्टिमचे नंबर असतात, उमेदवाराचं नाव नाही. नंबर आणि नाव जुळवणारी यादी सपोर्टकडून मागवावी लागते, आणि ती यायला दोन दिवस जातात.