काड्या, कागद की खिळ्यांची पाटी? तिसरी-चौथीला आकार शिकवताना काय निवडाल

फळ्यावर चौरस काढला की सगळा वर्ग एका सुरात ‘चौरस’ म्हणतो. तोच चौरस पुठ्ठ्याचा कापून कोपऱ्यावर उभा धरला, तर माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “बाई, आता ती शंकरपाळी झाली की.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुठ्ठा तोच, बाजू त्याच, कोपरेही तेच. फक्त फिरवला होता.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या मराठी शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेने मला विचारलं, आकारांसाठी आधी कोणतं साधन करू? तिसरी-चौथी एकाच खोलीत, हातात वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी हा आढावा.

तुलना कशावरून करायची ते आधी ठरवू. १९५७ साली पिएर व्हान हीले आणि दिना व्हान हीले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने मुलांच्या भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसत्या रूपावरून ओळखतं, ‘दारासारखा म्हणून आयत’. दुसऱ्या पायरीवर ते बाजू आणि कोन पाहू लागतं. तिसऱ्या पायरीवर आकारांचा एक गट दुसऱ्या गटात बसतो, जसे सगळे चौरस आयतांत, हे त्याला उमगतं. ही चढण नुसतं वय वाढल्याने होत नाही, कसं शिकवलं यावर ती जास्त अवलंबून असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारते: शंकरपाळी म्हणणाऱ्या मुलीला हे पुढच्या पायरीवर नेईल का?

भिंतीवरचा तक्ता यात सगळ्यात मागे पडतो. त्यातला त्रिकोण कायम पायावर बसलेला, तिन्ही बाजू सारख्या. आयत नेहमी आडवा. वर्षभर तेच पाहिल्यावर लांबुळका, उलटा त्रिकोण मुलांना त्रिकोण वाटतच नाही. तक्ता नावं पाठ करण्यापुरता ठेवा.

खरी निवड तिघांत आहे.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब. सायकलच्या दुकानात मिळणारी बारीक रबरी नळी, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि गूल खरवडून काढलेल्या आगकाड्या. अरविंद गुप्ता यांनी ही युक्ती देशभरातल्या शिक्षकांपर्यंत पोचवली. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांत काडी खोचली की कोपरा तयार. त्रिकोण करून दाबा, हलत नाही. चौरस करून दाबा, लगेच कलतो. वर्गात हा क्षण आला की मी काही बोलत नाही. मुलं आळीपाळीने दाबून पाहतात आणि कुणीतरी विचारतंच, “बाई, ह्यो मोडला का?”

मोडलेला नाही. चारही काड्या तेवढ्याच आहेत, बदलले ते कोन. म्हणजे तो अजून समभुज चौकोन आहे, फक्त चौरस राहिला नाही. पुन्हा सरळ केला की चौरस. ‘चौरस हा समभुज चौकोनाचाच एक प्रकार’ हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, पण डोक्यात शिरलं ते त्या डुलणाऱ्या काड्यांमुळे. दोन लांब, दोन आखूड काड्या घेतल्या तर तोच खेळ आयत आणि समांतरभुज चौकोनाचा होतो.

उणिवाही आहेत. वर्तुळ जमत नाही. काटकोन टिकत नाही, त्यामुळे ‘नक्की चौरसच आहे का’ हे ठरवायला दुसरं काही लागतं. पहिल्या दिवशी नळ्या कापण्यातच दोन तास जातात, आणि पहिली-दुसरीच्या बोटांना काड्या खोचणं जड जातं. काड्यांचा आकार फक्त कडेचा असतो, आत पोकळ. त्यामुळे क्षेत्रफळाकडे जाताना तो उपयोगी पडत नाही.

कागद. काड्यांची काटकोनाची उणीव इथे भरून निघते. वर्तमानपत्राचा वेडावाकडा फाडलेला तुकडा घ्या, एकदा दुमडा, मग पहिली घडी तिच्याचवर येईल असा पुन्हा दुमडा. कोपऱ्यात काटकोन तयार. कडा कितीही फाटक्या असल्या तरी बिघडत नाही. हे ‘कोनमापक’ खिशात घालून मुलं खिडकी, फरशी, दप्तर मोजत सुटतात. १८९३ साली मद्रासेत टी. सुंदर राव यांनी नुसत्या घड्यांतून भूमितीचं पुस्तक उभं केलं होतं. त्यामुळे ही वाट नवी नाही आणि परकीही नाही.

घडीचा दुसरा मोठा फायदा सममितीचा. चौरस चार प्रकारे तंतोतंत दुमडतो, आयत दोनच. आयत कर्णावर दुमडायला सांगा आणि आधी अंदाज विचारा. बहुतेक मुलं ‘बसणार’ म्हणतात. दुमडल्यावर दोन कोपरे बाहेर डोकावतात आणि वर्गात गलका होतो. साध्या समांतरभुज चौकोनाला एकही घडी लागू पडत नाही, हे चौथीला तासभर पुरतं. वर्तुळाला घड्या संपतच नाहीत. पण कागदाचा आकार कलत नाही. एकदा कापला की तो तसाच, म्हणून एका गटातून दुसऱ्या गटात जाणं त्यात दिसत नाही.

खिळ्यांची पाटी. लाकडी फळीवर पाच ओळींत पाच-पाच खिळे, वर रबर. सुतार तासाभरात करून देईल, पण वर्गाला पुरतील एवढ्या करायच्या तर खर्च होतो आणि रबरं तुटत राहतात. तरी एका खेळासाठी ती हवी: या पाटीवर किती वेगवेगळ्या मापांचे चौरस होतात? मुलं चार शोधून थांबतात, सगळे सरळ उभे. खरं उत्तर आठ आहे. उरलेले चार तिरके असतात आणि तेच शोधताना शंकरपाळीचा गोंधळ मिटतो.

आपल्याकडे पाटीला फुकटचा पर्याय आहे, ठिपक्यांची रांगोळी. अंगणात सरळ ठिपके काढा, तीच पाटी. गंमत अशी की सरळ ठिपक्यांवर तिन्ही बाजू समान असलेला त्रिकोण नेमका कधीच बसत नाही, कितीही ठिपके घ्या. ठिपके एकाआड एक, शेजारचे तिन्ही सारख्या अंतरावर येतील असे काढले तर तो त्रिकोण लगेच बसतो, षटकोनही बसतो, आणि मग चौरस जमेनासा होतो. पाचवीच्या मुलांना हे स्वतः धडपडून सापडू द्या.

मोबाईलवरच्या खेळांबद्दल थोडक्यात: आकार ओढून ताणता आला तर उपयोग आहे, नुसतं चित्र पाहून नावावर बोट ठेवायचं असेल तर तो तक्ताच.

साधन कोणतंही घ्या, चुकीचे नमुने सोबत ठेवा. एक बाजू उघडी राहिलेला त्रिकोण, गोलसर कोपऱ्यांचा समोसा, वाकडी बाजू. हे त्रिकोण का नाहीत, ते मुलांनी सांगायचं.

सीमाभागात नावांकडेही लक्ष द्यावं लागतं. आपली मुलं मराठीत त्रिकोण, चौकोन शिकतात आणि शेजारच्या कन्नड शाळेतला मित्र त्रिभुज, चतुर्भुज म्हणतो. आपलं नाव कोन मोजतं, त्याचं भुजा मोजतं. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहिली की मुलांना एका आकाराच्या दोन ओळखी मिळतात. उलट ‘समभुज चौकोन’ या आपल्या नावात व्याख्याच आहे, तर कन्नडमधलं ‘वज्राकृती’ रूपावरून पडलेलं. जपायचं ते एका शब्दाला: कन्नडमध्ये ‘चौक’ म्हणजे चौरस, आणि आपल्या बोलण्यात ‘चौकोनी’ म्हणजे कुठलाही चार कोपऱ्यांचा डबा. पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलला जाणारं मूल इथे अडखळतं. म्हणून तिसरीपासूनच ‘चौकोन’ हे सगळ्या घराण्याचं नाव आणि ‘चौरस’ त्यातल्या एकाचं, हे वेगळं ठेवा.

माझा कौल असा. पहिली-दुसरी असेल तर कागद, बाकी काही नको. तिसरी ते पाचवीला एकच साधन करता येणार असेल तर काड्या, कारण डोळ्यांदेखत आकार बदलतो तो तिथेच. काटकोन तपासायला वर्तमानपत्राची घडी सोबत असू द्या. पाटी यंदा करू नका, अंगणातले ठिपके पुरतील. आणि दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर चौथीच्या मुलांनी नळ्या कापाव्यात आणि तिसरीच्यांनी त्यात काड्या खोचाव्यात.