नकाशा, दुरुस्ती की वाचन: नोकरदार आणि निवृत्तांच्या संयुक्त गटाने कोणते काम धरावे?

एकाच संस्थेतले नोकरीत असलेले आणि निवृत्त झालेले लोक एकत्र येऊन समाजासाठी काही करायचे ठरवतात, तेव्हा पहिल्याच बैठकीत कामांची लांबलचक यादी होते. मग त्यातले सर्वांत चांगले काम कोणते यावर चर्चा रंगते. पण यादीतली सगळीच कामे चांगली असतात, म्हणून त्या प्रश्नाने निवड होत नाही. विचारायचे ते हे: कोणाकडे कोणत्या वारी, किती तास, किती महिने सलग आहेत? नोकरदाराकडे सुट्टीचा दिवस असतो, तोही दर आठवड्याला नाही. निवृत्तांकडे कामाच्या दिवसाची सकाळ असते, पण चार तास उकिडवे बसणे किंवा रात्री उशिरा गाडी चालवत घरी जाणे अनेकांना जमत नाही. दोघांच्या वेळा अशा उलट असतात आणि चांगला उपक्रम त्या उलटेपणाचाच उपयोग करून घेतो.

याचे जुने आणि उत्तम उदाहरण टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका या संघटनेचे. टेलिफोन व्यवसायातल्या दीर्घ सेवा झालेल्या लोकांनी ती १९११ मध्ये स्थापन केली. अंधांना ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकवणारी, म्हणजे बोलक्या पुस्तकांची यंत्रे दुरुस्त करण्याचे काम तिच्या स्वयंसेवकांनी १९६० पासून हाती घेतले. १९६४ मध्ये माउंटन बेल या टेलिफोन कंपनीतले अभियंता चार्ली फेअरबँक्स यांनी चेंडूत आवाज करणारा भाग बसवला आणि अंध मुलांना त्या आवाजाच्या मागे धावून बेसबॉल खेळता येऊ लागला. या दोन्ही कामांत रोजच्या नोकरीतले कसब थेट वापरात आले. ते कसब सेवानिवृत्तीच्या दिवशी संपत नाही, आणि संयुक्त गटाची खरी पुंजी तीच आहे.

इथे तीन कामे शेजारी शेजारी ठेवली आहेत: शाळेच्या पटांगणावर नकाशा रंगवणे, दुरुस्तीचे नियमित टेबल चालवणे, आणि मुलांबरोबर एकास एक वाचन.

पटांगणावरचा नकाशा

नोकरदार जास्त आणि निवृत्त मोजके असलेल्या गटाला हे काम सोयीचे. रंगवणे एका दिवसात उरकते, फळ लगेच दिसते, आणि हाती ब्रश न धरलेल्यालाही सामील होता येते.

मात्र दिवस एक असला तरी काम तीन दिवसांचे आहे. समजा ६ मीटर बाय ९ मीटरचा नकाशा करायचा. कागदावर तो ४० बाय ६० सेंटिमीटरचा घ्या आणि त्यावर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा. जमिनीवर तोच चौकोन ३० सेंटिमीटरचा होतो. असे २० बाय ३०, म्हणजे ६०० चौकोन. जमिनीवर आयत आखला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १० मीटर ८२ सेंटिमीटर आले पाहिजेत. कर्णांत ५ सेंटिमीटरचाही फरक राहिला तरी शेवटच्या ओळीतले चौकोन तिरके होतात आणि सीमारेषा जुळत नाहीत. आखणीला तीन-चार शांत, चिकाटीची माणसे पुरतात, आणि ती आदल्या दिवशीच व्हावी. निवृत्तांनी धरावे ते हेच काम: उन्हात तासन्‌तास रंगवण्यापेक्षा दोरी, टेप आणि खडू.

नवे डांबर असेल तर किमान महिनाभर थांबा, नाहीतर आतली तेले वर येऊन रंग पिवळट पडतो आणि सुटतो. जमीन झाडून, धुऊन पूर्ण कोरडी हवी. पाण्यात मिसळणारा, रस्त्यांवर वापरायचा रंग घ्या. खडबडीत पृष्ठभागावर लिटरमागे साधारण ६ चौरस मीटर धरा. पूर्ण ५४ चौरस मीटरला दोन हात द्यायचे तर १८ लिटर लागतात. शेवटच्या हातात घसरण रोखणारी बारीक वाळू मिसळायला विसरू नका. गुळगुळीत रंगावर पाणी पडले की मुले हमखास घसरतात.

हे काम फसते ते ठरलेल्या जागी: आखणी झालेली नसते, सकाळी पंचवीस जण हजर होतात आणि दोन तास नुसते उभे राहतात. त्यातले निम्मे पुढच्या वेळी येत नाहीत. दुसरी गोष्ट, शेजारशेजारचे दोन भाग एकाच वेळी रंगवले की ओले रंग एकमेकांत मिसळतात. आधी एकाआड एक भाग घ्या, ते सुकले की उरलेले.

दुरुस्तीचे टेबल

लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात, मालकाच्या समोर त्या उघडल्या जातात आणि शक्य तर दुरुस्त होतात. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये पहिले रिपेअर कॅफे भरवले आणि ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. संयुक्त गटासाठी आमची पहिली पसंती याच कामाला आहे, आणि कारण साधे आहे: यात दोन्ही पिढ्या एकाच टेबलाशी बसतात. निवृत्तांना बिघाड कुठे असेल याचा अंदाज असतो. नोकरदारांची नजर आणि बोटे बारीक स्क्रूंना चालतात, शिवाय नव्या उपकरणांची माहिती त्यांच्याकडे असते.

चार दुरुस्तीवाले, नोंदणीला एक आणि फक्त तपासणीला एक, असे सहा जण किमान हवेत. एका वस्तूला ४५ मिनिटे धरा. तीन तासांच्या सत्रात चार जणांकडून १६ वस्तू कागदावर बसतात. नोंदणी मात्र १२ चीच घ्या, कारण काही वस्तू उघडायलाच अर्धा तास खातात. साध्या स्क्रू ड्रायव्हरखेरीज मध्ये भोक असलेले टॉर्क्स बिट हवेतच. ते नसतील तर निम्म्या वस्तू उघडणारच नाहीत.

एक उदाहरण जवळून पाहू. इलेक्ट्रिक किटली गरम होत नाही. प्लग सॉकेटमधून काढलेला, बटण चालू, मल्टिमीटर (विजेची मापे घेणारे यंत्र) ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, आणि त्याची टोके प्लगच्या अर्थिंगखेरीजच्या दोन पिनांवर. २३० व्होल्टवर चालणारी २००० वॅटची किटली असेल तर सुमारे २६ ओहम दिसायला हवेत. रोध अमर्याद दिसत असेल तर विजेची वाट कुठेतरी तुटलेली आहे: बहुधा प्लगच्या तोंडाशी वायर, नाहीतर बटण किंवा थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग). फ्यूज गेला असेल तर नवा बसवण्याआधी तो का गेला हे शोधा. तापमान आवरणारा स्विच, म्हणजे थर्मोस्टॅट, चिकटून बसला असेल तर नवा फ्यूजही जाईल. नवा फ्यूज थेट सोल्डर करू नका. सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो जातो. दाबून बसवायचे जोड वापरा. आणि फ्यूज वगळून तार जोडणे कोणत्याही परिस्थितीत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

दुरुस्तीनंतर तपासणी वेगळ्या माणसाने करावी. धातूचे अंग आणि अर्थिंगची पिन यांच्यात ०.१ ओहमच्या आसपास रोध हवा. वायर लांब असेल तर तिचा रोध त्यात धरा. मग ५०० व्होल्टवर इन्सुलेशनची चाचणी: अर्थिंग असलेल्या वस्तूला किमान १ मेगाओहम, दुहेरी इन्सुलेशनच्या वस्तूला २ मेगाओहम. त्यानंतरच वीज द्यायची, तीही ३० मिलिॲम्पिअरच्या गळती-रोधक स्विचमधून. चाचणीत नापास झालेली वस्तू चालत असली तरी "वापरू नये" अशी चिठ्ठी लावून परत करा. मायक्रोवेव्ह ओव्हन मुळीच घेऊ नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब धरून ठेवू शकतो.

दुरुस्तीच्या कामाला एक धोका आहे, तो म्हणजे तंत्र बदलणे. बोलक्या पुस्तकांच्या कॅसेट यंत्रांत पट्टे, रोलर, मोटर अशी झिजणारी अंगे होती, म्हणून दुरुस्त करणाऱ्या हातांना सतत काम होते. २००९ मध्ये अमेरिकेत ही यंत्रे पुरवणाऱ्या ग्रंथालय सेवेने डिजिटल यंत्रे आणली आणि बिघाडांचे स्वरूपच बदलले. म्हणून एकाच वस्तूवर गट उभा करू नका. दर वर्षी आलेल्या वस्तूंची नोंद पाहा आणि त्याप्रमाणे नवे कसब शिकून घ्या.

एकास एक वाचन

तिन्हींत सर्वांत कमी सामान आणि सर्वांत जास्त बांधिलकी इथे लागते. आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटे, तेच मूल, तेच मोठे माणूस, शाळेच्या संपूर्ण सत्रभर. शाळेची वेळ ही नोकरदारांची कामाची वेळ, त्यामुळे हे मुख्यतः निवृत्तांचे काम ठरते. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एक्सपिरियन्स कोअरमध्ये ज्येष्ठ मंडळी प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तासांपर्यंत देत, आणि एका शाळेत एकटे नव्हे तर गटाने जात. ती गटाची रचना महत्त्वाची आहे. एखाद्याच्या आजारपणात मुलाची साखळी तुटत नाही.

पद्धत अशी. मजकूर दोघांनी मिळून मोठ्याने वाचायचा. मुलाला एकट्याने वाचावेसे वाटले की त्याने टेबलावर टकटक करायची, तुम्ही थांबायचे. शब्द अडला तर चार-पाच सेकंद वाट पाहायची, मग शब्द सांगायचा, त्याने तो म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे. शब्द फोडून शिकवायचा नाही, रागवायचे नाही. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर पुस्तक अवघड आहे, बदला. अक्षरओळखच नसलेल्या मुलाला या पद्धतीने फायदा होत नाही, त्याला शिक्षकाकडूनच पायाभूत धडे हवेत.

चारित्र्य पडताळणी प्रत्येकाची, अपवाद नाही. खोलीचे दार उघडे, बसायची जागा इतरांना दिसेल अशी. मुलाचा फोन नंबर घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही. पडताळणीला काही आठवडे जातात, म्हणून शाळा सुरू व्हायच्या दोन महिने आधी अर्ज भरा.

हे काम मध्येच सोडले तर नुकसान मुलाचे होते. नकाशा अर्धा राहिला तर पुढच्या महिन्यात पुरा करता येतो, किटली परत नेता येते. पण आपल्यासाठी येणारे माणूस अचानक यायचे थांबले की मूल त्याचे कारण स्वतःत शोधते. सहा महिन्यांची खात्री देणारे किमान आठ जण नसतील तर हे काम धरूच नका.

शेजारी शेजारी

| | नकाशा | दुरुस्ती | वाचन |
|---|---|---|---|
| किमान माणसे | १५, एका दिवसासाठी | ६, महिन्यातून एकदा | ८, आठवड्यातून दोनदा |
| कोणाला सोयीचे | नोकरदारांना | दोघांनाही | निवृत्तांना |
| तयारी | ३ आठवडे | ६ ते ८ आठवडे | २ महिने |
| मोठा धोका | आखणीविना गर्दी | विजेचा धक्का, आग | मध्येच सोडणे |

गटात चाळीस नोकरदार आणि पाच निवृत्त असतील तर नकाशापासून सुरुवात करा. उलट प्रमाण असेल तर वाचन. संख्या साधारण सारखी आणि गटात तांत्रिक पार्श्वभूमीचे लोक असतील तर दुरुस्ती, आणि तेही सुट्टीच्या दिवशी सकाळी. तिन्ही एकदम सुरू करणे मात्र टाळा. त्याच चार-पाच कष्टाळू माणसांवर सगळा भार पडतो आणि वर्षाच्या आत ती थकतात.

कोणतेही काम निवडले तरी तीन गोष्टी आधी मिटवा. संस्थेचा विमा निवृत्तांना लागू आहे का, हे लेखी विचारा. अनेकदा तो फक्त पगारपत्रकावरच्या लोकांपुरता असतो आणि ते अपघातानंतर कळते. दुसरे, जुनी पदे. निवृत्त साहेब आणि त्यांच्या हाताखालचे कर्मचारी एकाच टेबलाशी बसले की कर्मचारी गप्प राहतात आणि चुकीची गोष्टही कोणी टोकत नाही; विजेच्या कामात हे धोक्याचे आहे. त्या दिवसाचा प्रमुख कोण हे फळ्यावर लिहा, आणि तपासणीवाल्याचा नकार अंतिम असेल हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगा.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाचा ईमेल बंद होतो आणि त्याबरोबर ते माणूस गटाच्या यादीतून गळते. निवृत्तीच्या तीन महिने आधीच त्याचा खाजगी ईमेल आणि फोन नंबर त्याच्या संमतीने नोंदवून घ्या, आणि निरोप समारंभाच्या आधी त्याला एका सत्रात कामाला बसवा.