कानाझावा: किल्ला नंतर, आधी सामुराईंचा मोहल्ला

आमच्या किल्ल्यावरचं मानमंदिर बघत लहानाचे मोठे झालेल्या ग्वाल्हेरकरांना किल्ल्याचं अप्रूप सहजी वाटत नाही. त्यात जपानमधल्या कानाझावाच्या किल्ल्याला मुख्य मनोराच नाही म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. १६०२ मध्ये वीज पडून तो जळाला आणि इथल्या सत्ताधारी माएदा घराण्यानं पुन्हा उभारलाच नाही. तरी सामुराईंचं गाव बघायचं असेल तर मी कानाझावाच सांगेन. तोक्योहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेनं अडीच-तीन तास.

माएदा तोशिइए १५८३ मध्ये इथं आला. पुढे या घराण्याचा मुलूख दहा लाख कोकूंच्या वर गेला. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. सरदाराची पायरी याच मापानं ठरायची आणि घर किल्ल्यापासून किती लांब, अंगण केवढं, हेही बहुतेक त्यावरच. ग्वाल्हेरचा आमचा लष्कर हा भाग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसला, सरदारांच्या नावाचे बाडे (वाडे) आणि गोठ (वस्त्या) अजून पत्त्यात आहेत. त्यामुळे ही रचना मला लगेच उमगली.

नागामाची हा मधल्या आणि वरच्या दर्जाच्या सामुराईंचा मोहल्ला. अरुंद गल्ल्या, पिवळसर मातीच्या भिंती, कडेनं ओनोशो कालवा. आम्ही हिवाळ्यात गेलो तेव्हा भिंतींवर गवताच्या चटया टांगलेल्या होत्या. मातीत मुरलेलं पाणी गोठलं की भिंत फुटते, म्हणून दर हिवाळ्यात हे पांघरूण. मी जवळ जाऊन पाहिलं: चटया एकसारख्या विणलेल्या, दोऱ्यांच्या गाठी एका रेषेत. आपल्याकडचे ढासळते बाडे आठवून जीव तुटला. मातीची भिंतही टिकते, तिची दरवर्षी काळजी घेणारं कुणीतरी लागतं.

नोमुरा घराण्याच्या वाड्याला तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा ५५० येन होतं. सामुराईंची राजवट संपल्यावर ही जागा या हातातून त्या हातात गेली, आजच्या बैठकीच्या खोल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या हवेलीतून आणून बसवलेल्या आहेत. बाग आणि बाहेरची भिंत मात्र जुनी. कालव्याचं पाणी बागेत येतं, कोई माशांच्या तळ्यातून फिरतं आणि परत कालव्याला मिळतं. आत काचेखाली एक पत्र आहे: शत्रूचं शिर आणल्याबद्दल घराण्यातल्या वीराचे मानलेले आभार. समोर ती नाजूक बाग आणि काचेखाली हे पत्र, दोन्ही एकाच घरातलं. मी तिथून लवकर उठले नाही. गर्दी झाली की ओसरीवर बसायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळी उघडताच जा. बूट काढावे लागतात, जाड मोजे घाला.

पण मला सगळ्यात आवडलं ते तिथून थोड्या अंतरावरचं आशिगारूंचं, म्हणजे पायदळ शिपायांचं, छोटं संग्रहालय. प्रवेश मोफत. छपरावर फळ्या आणि त्या उडू नयेत म्हणून दगड. आत चार माणसांचा संसार कसाबसा मावेल एवढ्या खोल्या, तरी दारापुढे स्वतःचं अंगण. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत साधे शिलेदार होते, त्यांच्या घराची एक वीटही शिल्लक नाही. इथं शिपायाचं घरही जपलंय, याचं मला फार मोल वाटतं.

किल्ल्यात इशिकावा दरवाजा (१७८८) बघा. छपरावर शिशाची कौलं आहेत, म्हणून ती पांढुरकी दिसतात. तटाच्या दगडी बांधणीचे कितीतरी प्रकार एकाच ठिकाणी दिसतात. बाकीचं बरंचसं २००१ पासून जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधलेलं आहे, लाकडाचे सांधे पाहण्यासारखे. समोरचं केनरोकुएन उद्यान चुकवू नका.

शाकाहाऱ्यांनी नीट चौकशी करावी. सूपच नव्हे, भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. आम्ही तिळाचं तोफू, उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ) भरलेले भाताचे गोळे आणि भाजलेल्या देठांचा इथला चहा यांवर निभावलं, चहा तर मी घरी आणला. सोन्याचा वर्ख लावलेलं आइसक्रीम महाग आहे आणि वर्खाला चव नसते.

इथले लोक म्हणतात, डबा विसरा पण छत्री विसरू नका. ते अगदी खरं आहे. तोक्योहून सकाळी येऊन संध्याकाळी परतायचा बेत करू नका, एक रात्र इथं राहा.