सोलापुरात जुनं 1050 टीआय घेताय? आधी हे वाचा

एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स 1050 टीआय म्हणून मला जे ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरचं चित्र स्क्रीनवर आणणारा भाग) विकलं, त्याच्या आत त्याच कंपनीच्या जुन्या जीटीएक्स 550 टीआयची चिप निघाली. एक 2016 चं, दुसरं 2011 चं. दुकान आपल्याच गावातलं आहे, नाव लिहीत नाही. असा माल ठेवणारं ते एकटं नसणार. बाहेरगावी कुठलीही चादर सोलापुरी म्हणून खपवतात, त्यातलाच हा प्रकार.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग. मशीनचा प्रोसेसर आय3 10100एफ. या एफवाल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड गेलं की स्क्रीनच येत नाही. ऐन लग्नसराईत आधीचं कार्ड उडालं, पार्ट्यांचे फोन सुरू झाले, म्हणून जुनं 1050 टीआय बघायला गेलो. साडेपाच हजार सांगितले. बाजारभावापेक्षा फार स्वस्त नाही, त्यामुळे शंका यावी असंही काही नव्हतं.

दुकानदारानं कार्ड त्याच्याच मशीनला लावून दाखवलं. "बघा की ओ मालक, नाव दिसतंय का नाही? चार जीबी दिसतंय का नाही?" दोन्ही दिसत होतं. यूट्यूब चाललं, एक हलका गेम चालला. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, कच्चं बिल, पैसे यूपीआयवर. निघताना हातात पेनड्राइव्ह देऊन म्हणाला, "ड्रायव्हर ह्यातलाच टाका, अपडेट तेवढा मारू नका. काय बी होत नाही." आता सांगतो, विकणारा असं म्हणाला की पैसे खिशात ठेवून सरळ उठावं. एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला की सोंग उघडं पडतं, म्हणून ते वाक्य असतं. 550 टीआय चिपांच्या ज्या जुन्या फर्मी पिढीतलं, तिच्यासाठी कंपनीनं 2018 मध्येच नवे ड्रायव्हर काढणं थांबवलंय.

घरी आल्यावर प्रीमियरमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) क्लिप जरा जड झाली की स्क्रीन काळी. मला आधी पॉवर सप्लायवर संशय आला, कारण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात कुठली वस्तू कधी मान टाकेल सांगता येत नाही. शेवटी विजापूर रोडला आमच्याच लाइनमधला एक मित्र आहे, त्याच्याकडे खात्रीचं 1050 टीआय होतं, ते मागून आणलं. मशीन तेच, वरातीची क्लिप तीच, फक्त कार्ड बदललं.

मित्राच्या कार्डावर एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडिंगचा, म्हणजे व्हिडिओची फाइल कार्डाकडूनच बनवून घ्यायचा, पर्याय आला आणि खाली जाऊन चहा पिऊन येईतो फाइल तयार. माझं कार्ड लावलं तर तो पर्यायच गायब, नुसतं सॉफ्टवेअर. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि पट्टी हलता हलत नाही. असं का, ते नीट समजून घ्या. व्हिडिओ एन्कोड करायचं वेगळं सर्किट, ज्याला एनव्हेंक म्हणतात, ते एनव्हिडियाच्या चिपमध्ये 2012 च्या केप्लर पिढीपासून आलं. त्याआधीच्या फर्मीत ते नाहीच. कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डाची ओळख साठवणारा प्रोग्राम) खाडाखोड करून नाव बदलता येतं, मेमरी 1 जीबीची 4 जीबी लिहिता येते. पण चिपमध्ये नसलेलं सर्किट कुणाच्या बापाला घालता येत नाही. मेमरीचंही तेच. विंडोज 4 जीबी समजून डेटा टाकत राहतं, खरी जागा 1 जीबीची, ती भरली की स्क्रीन काळी. पॉवर सप्लाय बिचारा निर्दोष होता.

मग दुकानात फरक का दिसला नाही? 1050 टीआयमध्ये 768 कूडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), 550 टीआयमध्ये 192. चौपट वाटतं, पण फर्मीचे कोअर बाकीच्या चिपच्या दुप्पट वेगानं चालायचे, त्यामुळे कागदावरची ताकद चौपट नाही, साधारण तिप्पट निघते. मेमरीचा वेग तर जवळपास सारखाच, सेकंदाला 112 जीबी आणि 98 जीबी. यूट्यूब आणि हलक्या गेमला एवढं पुरतं. म्हणून दाखवायला नेमक्या त्याच दोन गोष्टी निवडलेल्या असतात.

बाहेरून ओळखायचं तर मागचे पोर्ट बघा. माझ्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट होता. 1050 टीआय पास्कल पिढीचं आहे आणि पास्कलच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल, जो व्हीजीएला लागतो, निघतच नाही. व्हीजीए दिसला की विषय तिथंच संपला. सहा पिनच्या पॉवर कनेक्टरवरून मात्र लगेच निकाल देऊ नका. 1050 टीआयला 75 वॅट लागतात, तेवढे मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात. पण काही कंपन्यांच्या अस्सल कार्डांनाही तो कनेक्टर असतो. 550 टीआय 116 वॅटचं, त्याला तो लागतोच.

सगळ्यात सोपं म्हणजे जीपीयू-झेड, कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम. छोटी फाइल आहे, इन्स्टॉल करावी लागत नाही. पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा आणि दुकानाच्या मशीनवर तुमच्या हातानं उघडा. 2018 पासून हा प्रोग्राम अशा खोट्या कार्डाच्या नावाआधी 'फेक' असं स्वच्छ लिहितो. अस्सल असेल तर चिपच्या रकान्यात जीपी107 येतं. माझ्याकडे जीएफ116 आलं, म्हणजे 550 टीआयची चिप. दुकानदार "आमच्या मशीनवर बाहेरचं काही चालवत नाही" म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

परत गेलो तर दुकानदार आधी म्हणाला, "तुम्हीच कार्ड बदलून आणलंय." घेतानाच सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढलेला होता, तो दाखवला. मग दुसरा मुद्दा: "धंद्यासाठी घेतलंय ना, मग ग्राहक कायदा लागत नाही." हे अर्धं खरं आहे, आणि पुष्कळ लोक इथंच गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, हे बरोबर. पण स्वयंरोजगारानं पोट भरणाऱ्यानं स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. एकट्यानं मिक्सिंग करणारा, टेलर, झेरॉक्सवाला, सगळे ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फीही लागत नाही. मी त्याच्यासमोर 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला घेतला, तेव्हा तो खुर्चीतून उठला. पैसे यूपीआयवर परत आले, पाचशे कापून. का? "वापरलात की ओ."

वर ते कार्ड त्यानं माझ्यादेखतच पुसून पुन्हा काचेच्या कपाटात ठेवलं. काळं कव्हर, दोन पंखे, त्यातल्या एकाचं पातं टोकाला तुटलेलं, मागे निळा व्हीजीए, आणि स्टिकरवर ठळक 1050 टीआय 4 जीबी. कुणाला दाखवलं तर इथं लिहा.